आचार्यश्रेष्ठ श्रीनागदेवाचार्य आणि विजनाचा आधार

पुणे शहरातील कर्वेनगर येथे एका वासनिकांच्या घरी निरूपणासाठी जाण्याचा योग आला होता. या भागाचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक. मुठा नदीच्या काठचे हे लहानसे खेडे पुणे शहरापासून दूर आणि एकांताचे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम येथे हलविला, तेव्हा आश्रमाचा प्रारंभ एका साध्या झोपडीत झाला. स्वतः कर्वे हिंगण्याहून पुण्यास अध्यापनासाठी पायी ये-जा करीत. आज त्या खेड्याची खूण शोधावी लागते. इमारतींच्या रांगा नदीपर्यंत पोहोचल्या आहेत आणि उत्तरेकडील टेकड्या तेवढ्या मोकळ्या दिसतात.

निरूपण संपल्यावर एक वृद्ध उपदेशी वासनिक दंडवत घालून जवळ बसले. वऱ्हाडातील शेती सोडून मुलाकडे राहावयास आलेले हे गृहस्थ. शहरात आल्यापासून पहाटे नदीकाठच्या एका करंजाखाली बसून स्मरण करण्याचा त्यांचा नेम होता. आठ-नऊ वर्षे हा नेम अखंड चालला. मागील पावसाळ्यात ते झाड उन्मळून पडले. त्या दिवसापासून स्मरणास बसले की चित्त ठरत नाही, नाम ओठावर येते पण मन मागे येत नाही, अशी त्यांची व्यथा होती. मग संकोचाने त्यांनी मनातील खरी शंका सांगितली. आपण इतकी वर्षे परमेश्वराचे स्मरण करीत होतो की त्या झाडाच्या सावलीचे सुख घेत होतो, हेच आता कळेनासे झाले आहे, असे ते म्हणाले.

ही शंका सामान्य नाही. साधनेला लागलेल्या प्रत्येकाने ती स्वतःस विचारावी, इतक्या मोलाची आहे. तिचे उत्तर केवळ शास्त्रप्रकरणाने देता येईल, पण एखाद्या थोर साधनवंताच्या चरित्रातून ते अधिक स्पष्ट होते. आपल्या पंथाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, ज्यांना आपण आदराने भटोबास म्हणतो, त्यांचे सारे आयुष्य या एकाच प्रश्नाभोवती फिरले आहे. ज्या आधारावर जीवन उभे होते तो आधार दृष्टीआड झाला, तर साधकाने कोठे पाय रोवावा, हा तो प्रश्न होय.

चरित्राकडे वळण्यापूर्वी सिद्धांताची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आणि अनादी आहेत. वृक्ष, नदी, डोंगर, माती, पाणी, वारा हे सारे प्रपंचाच्या कक्षेत येते. कारणरूपाने प्रपंच अनादी असला तरी कार्यरूपाने तो नाशवंत आहे. आज उभे असलेले झाड उद्या पडणार, आज भरलेली नदी उन्हाळ्यात आटणार. झाडाच्या किंवा जलाच्या ठिकाणी देवता मानून तिची उपासना करावी, तर कर्मभूमीच्या देवतांपासून चैतन्यमायेपर्यंत कोणतीही देवता मोक्ष देण्यास समर्थ नाही, हा तर आपल्या ब्रह्मविद्येचा पायाच आहे. म्हणून सृष्टीला देव मानून तिच्याशी एकरूप होण्याचा जो उपदेश अलीकडे अनेक ठिकाणी ऐकू येतो, तो महानुभावांस मान्य होण्यासारखा नाही. परंतु याचा अर्थ सृष्टीकडे पाठ फिरवावी, असाही नाही. सर्वज्ञांनी आपल्या अनुयायांस गाव सोडून झाडातळी पाठविले, हे विसरून चालणार नाही. झाडाला देव मानू नये आणि तरीही झाडातळीच जावे, या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, ते भटोबासांच्या चरित्रात पाहावयाचे आहे.

श्रीनागदेवाचार्यांचा जन्म तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राह्मण कुळात झाला. महाराष्ट्रावर तेव्हा देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. त्यांच्या मातोश्री आबाइसा आणि भगिनी उमाइसा या दोघीही पुढे सर्वज्ञांच्या सन्निधानी आल्या. ज्यांच्या धवळ्यांमुळे मराठीच्या आद्य कवयित्री म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या महदाइसा त्यांच्या नात्यातील. या सर्वांच्या मागोमाग नागदेवही श्रीचक्रधर स्वामींपाशी आले. परंतु त्यांचा स्वभाव प्रारंभी शांत नव्हता. अंगी सामर्थ्य, बोलण्यात धीटपणा, मनात उसळी असा तो पिंड होता. स्वामी त्यांना लाडाने वानर म्हणून हाक मारीत. या एका हाकेत जितके वात्सल्य आहे तितकेच निदानही आहे. वानर एका फांदीवर स्थिर राहत नाही. एक फांदी सुटण्यापूर्वी दुसरी धरतो आणि दुसरी धरली की तिसरीकडे पाहतो. जीवाच्या मनाचीही हीच गती आहे. अशा चंचल मनाला ठाव देण्याचे कार्य स्वामींनी कसे केले, हे लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे.

सन्निधानाच्या काळात नागदेवांनी जे पाहिले, त्याचा विचार करू. स्वामींचे जीवन राजवाड्यात किंवा मठाच्या भिंतीआड गेलेले नव्हते. पूर्वी एकांकात त्यांनी सालबर्डीच्या डोंगरात दीर्घकाळ एकांतवास केला होता. पुढे पैठण, वेरूळ, डोमेग्राम, बेलापूर या ठिकाणी त्यांचे वास्तव्य झाले. वेरूळला डोंगरातील लेण्यांच्या परिसरात, डोमेग्रामी गोदावरीच्या काठी, बेलापुरी प्रवरेच्या तीरी असे ते क्रीडा करीत राहिले. गावाबाहेरची देवळे, नदीचे घाट, डोंगरातील लेणी, झाडाची सावली ही त्यांची आसनस्थाने होती. त्यांच्या दृष्टांतांतील सामग्रीही याच जगातून घेतलेली आहे. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांत वाचताना आपण शेतातून, रानातून, गावच्या वाटेवरून चाललो आहोत, असे वाटते. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीचा दृष्टांत तर सर्वांच्या तोंडी आहे.

एकांकातील सशाची लीळा या संदर्भात आवर्जून आठवावी. स्वामी झाडाखाली बसले असता पारध्यांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी उठविलेला एक ससा जिवाच्या भयाने पळत आला आणि स्वामींच्या गुडघ्याखाली लपला. मागून आलेल्या पारध्यांनी तो आपला म्हणून मागितला. शरण आलेल्याचे रक्षण करावे लागते, हे स्वामींनी त्यांना समजाविले आणि त्या बोधाने पारध्यांचेही मन पालटले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की स्वामींनी सशाला देवत्व दिले नाही, पण त्याचा जीव आपल्या गुडघ्याखाली सुरक्षित ठेवला. सृष्टीविषयी महानुभावांची वृत्ती कशी असावी, याचा हा पाठच आहे. पूजा परमेश्वराचीच करावी, आणि पीडा कोणत्याही जीवास देऊ नये.

आचारप्रकरणात सर्वज्ञांनी साधकास जो विधी सांगितला, त्याचा आशय असा आहे की स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा संबंध सोडावा आणि आप्तस्वकीयांचा संबंध तर विशेषेकरून सोडावा. मग देशाच्या टोकाला, जेथे आपणास कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, झाडाच्या तळी आयुष्य घालवावे. भिक्षा मागून देहनिर्वाह करावा आणि परमेश्वराचे नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण करावे. या विधीतील झाड हे निवासाचे स्थान आहे, निवारा आहे, पण मालकीचे घर नव्हे. घराला दार असते, दाराला कुलूप असते आणि कुलपाबरोबर चिंता येते. झाडाला यांपैकी काहीच नाही. ते कोणाचे नाव विचारीत नाही, मान देत नाही, अपमानही करीत नाही. गावात साधकास स्तुती करणारे भेटतात आणि निंदा करणारेही भेटतात. दोहोंमुळे विकार आणि विकल्प उठतात. झाडाखाली हे दोन्ही शमतात. म्हणून झाडातळी जाण्याचे प्रयोजन झाडासाठी नाही. मनाला गुंतविणारे जे अनेक धागे गावात आहेत, ते तेथे सुटतात, हे ते प्रयोजन आहे. आणि ज्या स्वामींनी जन्मगावाचा संबंधही सोडावयास सांगितला, त्यांना एका झाडाचा संबंध जडलेला कसा मान्य होईल, याचा विचार वाचकांनी करावा.

हे सारे नागदेव ऐकत होते, पाहत होते. परंतु जोवर प्रत्यक्ष सन्निधान होते, तोवर या विधीची खरी कसोटी लागली नव्हती. सूर्य माथ्यावर असताना दिव्याची परीक्षा होत नाही. ती कसोटी १२७४ साली आली. स्वामींनी उत्तरापंथे बिजे केले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या परिवारास रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस जाण्याची आज्ञा केली होती. आज्ञा स्पष्ट होती, पण विरहाने तिचे पालन दुष्कर केले. भटोबासांच्या दुःखाची वर्णने पंथाच्या वाङ्मयात आली आहेत आणि ती वाचताना कठीण हृदयही द्रवते. ज्याने मनाची सारी उसळी स्वामींच्या चरणी वाहिली, त्याच्या दृष्टीपुढून ते चरणच गेले. नदी तीच होती, घाट तेच होते, झाडे तीच होती. परंतु ज्यांच्या संबंधाने ती ठिकाणे प्रिय झाली होती, ते तेथे नव्हते. या अवस्थेत सृष्टीची रम्यता काही सांत्वन करू शकत नाही, उलट प्रत्येक ठिकाण आठवण देऊन दुःख वाढविते. केवळ निसर्गाच्या सहवासाने अंतःकरणाची सर्व जखम भरते असे जे म्हटले जाते, त्याची मर्यादा येथे दिसते.

भटोबासांना सावरले ते आज्ञेने. ते रिद्धपुरास आले. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात हे क्षेत्र आहे. त्याच तालुक्यात उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी आहे. येथे श्रीप्रभूंच्या सेवेत त्यांची सुमारे बारा-तेरा वर्षे गेली. श्रीप्रभूंची क्रीडा लोकांस वेडेपणाची वाटे, परंतु तिच्यात करुणेचा झरा होता. गावातील मातंगांस पाण्याचे दुर्भिक्ष होते. त्यांनी विनवणी केली तेव्हा श्रीप्रभूंनी त्यांना पाणी मिळवून दिले, ही लीळा श्रीगोविंदप्रभू चरित्रात आली आहे. ज्या काळी पाण्यालाही जातीची शिवण लागत होती, त्या काळी हे घडले. पृथ्वीच्या पोटातील पाणी कोणा एकाचे नाही, हे त्या कृतीने दाखविले. भटोबासांनी येथे सेवा शिकली. स्वामींच्या सन्निधानी त्यांनी ज्ञान आणि प्रेम घेतले होते. रिद्धपुरात झाडणे, सारवणे, पाणी भरणे, अवताराच्या लहरीसारखी दिसणारी प्रवृत्ती सांभाळणे यांत मनाची चंचलता झिजत गेली.

सुमारे १२८७ साली श्रीप्रभूंनीही देह ठेवला. आता असन्निधान पूर्ण झाले. पहिल्या वियोगाच्या वेळी जाण्यासाठी दुसरे चरण होते. या वेळी कोणतेही अवतारसन्निधान उरले नव्हते. पंथाच्या इतिहासातील हा अत्यंत नाजूक क्षण होय. अनुयायी शोकाकुल होते, कोणी आपापल्या गावी परतण्याच्या विचारात असतील तर आश्चर्य नाही. भटोबासांनी या प्रसंगी परिवारास धीर दिला. पण तो धीर कोठून आला? त्याचे उत्तर म्हाइंभटांच्या कार्याशी निगडित असलेल्या एका प्रसंगात आहे.

म्हाइंभट हे सराळे येथील मोठे विद्वान. विद्येच्या अभिमानाने ते एके काळी वाद करण्यासाठी स्वामींकडे गेले होते आणि तेथे त्यांचा अभिमान गळून पडला होता. श्रीप्रभूंच्या नंतर भटोबास एकांतात तासन्‌तास निश्चल बसलेले त्यांना दिसत. आपण काय करता, असे त्यांनी विचारले तेव्हा, स्वामींच्या लीळांचे स्मरण करतो, असा आशय भटोबासांनी सांगितला. म्हाइंभटांच्या चटकन ध्यानात आले की ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना हे स्मरण आहे, परंतु पुढे येणाऱ्या साधकांनी कशाचे स्मरण करावे? या एका प्रश्नातून लीळाचरित्राचा उगम झाला. रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या निवांत ठिकाणी बसून म्हाइंभटांनी भटोबासांकडून लीळा ऐकल्या, लिहून घेतल्या, आणि इतर भक्तांच्या गावी जाऊन, त्यांच्या शेतापर्यंत जाऊन, त्यांना ज्ञात असलेल्या लीळा गोळा केल्या. मराठीतील हा आद्य चरित्रग्रंथ अशा रीतीने विजनात जन्मास आला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. भटोबास एकांतात बसत, हे खरे. पण ते एकांताचे ध्यान करीत नव्हते. पानांची सळसळ, पक्ष्यांचा शब्द, वाऱ्याची शीतलता यांचा आस्वाद घेत नव्हते, आणि त्यांचा द्वेषही करीत नव्हते. एकांत हे भांडे होते, त्यात भरलेले द्रव्य लीळांचे होते. भांडे स्वच्छ असावे लागते, गळके असून चालत नाही, परंतु तहान भांड्याने भागत नाही. विजनाचा उपयोग आणि विजनाची मर्यादा दोन्ही या प्रसंगात आहेत.

पुढे गोदातीरी येऊन भटोबासांनी परिवाराचे आचार्यत्व सांभाळले. असन्निधानी साधकास स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे चार आधार आहेत, हा विधी त्यांच्या काळात आचरणात स्थिर झाला. यांपैकी स्थान या आधाराचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. परमेश्वर अवतारांचे चरण ज्या भूमीस लागले, ते जेथे बसले, निजले, जेवले, ती भूमी वंदनीय मानावी. ती माती इतर मातीहून रंगाने वा गंधाने वेगळी नाही. तिच्या ठिकाणी स्वतःचे सामर्थ्य नाही. परंतु परमेश्वराच्या संबंधाने ती साधकास उपकारक झाली आहे. स्थानावर मस्तक ठेवताना साधक मातीला नमस्कार करीत नाही, त्या मातीच्या आठवणीतील परमेश्वराला करतो. पुढे चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी स्थानपोथी सिद्ध केली. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेस, ओढा कोठे, स्वामी कोठे आसनस्थ झाले, याची नोंद तिच्यात इतकी काटेकोर आहे की तेराव्या शतकातील महाराष्ट्राच्या भूगोलाचे ती एक अमोल साधन ठरली. रवळोबासांचे सह्याद्रिवर्णन आणि नारोबासांचे ऋद्धिपूरवर्णन हे सातीग्रंथांतील दोन ग्रंथ तर नावानेच भूमीचे आहेत. एकात श्रीदत्तात्रेय प्रभूंचा सह्याद्री आहे, दुसऱ्यात श्रीप्रभूंचे रिद्धपूर. डोंगराचे, वनाचे, नगराचे वर्णन त्यांत आहे, पण ते सारे अवतारसंबंधाने आहे. महानुभाव कवीने सृष्टीकडे पाठ फिरविली नाही. त्याने तिच्याकडे परमेश्वराच्या पाऊलखुणांची भूमी म्हणून पाहिले.

भटोबासांनी स्थानाबरोबर अटनही जागते ठेवले. एका गावी फार काळ राहिल्याने ओळखी वाढतात, ओळखीने सोय वाढते आणि सोयीने वैराग्य मऊ पडते. साधकांनी एकाकी हिंडावे, अपरिचित गावी भिक्षा करावी, विजनात स्मरण करावे, आणि मग परत येऊन एकमेकांच्या सहवासात शास्त्रश्रवण करावे, असा त्यांचा आग्रह असे. परिवार त्यांच्या स्नेहाने बांधलेला होता, म्हणून स्नेहाचे बंधन होऊ नये याची काळजीही त्यांना घ्यावी लागे. साधनेच्या भाषेविषयीचा त्यांचा निर्णयही याच दृष्टीचा आहे. केशिराजबासांसारख्या संस्कृत पंडितांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार केला, तेव्हा साध्या वृद्ध बायका त्या ज्ञानास मुकतील, म्हणून मराठीतच लिहावे असे त्यांनी बजाविले. ज्या मातीत माणसे राबतात त्या मातीतील भाषेस ब्रह्मविद्येचे वाहन होण्याचा मान अशा रीतीने मिळाला. त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले, हा योग या पार्श्वभूमीवर आनंदाचा आहे.

त्या पिढीतील आणखी एका ग्रंथाचा उल्लेख येथे केला पाहिजे. भास्करभट्ट बोरीकरांनी शिशुपालवध हे सरस काव्य रचले. परंतु शृंगाराच्या प्राचुर्यामुळे ते निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय पंथातील साधकांकडून आला, आणि मग कवीश्वरांनी भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता लिहिली. त्या स्कंधात अवधूताने यदुराजास आपल्या चोवीस गुरूंचा वृत्तांत सांगितला आहे. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती असे ते गुरू. पृथ्वीपासून क्षमा, वाऱ्यापासून अलिप्तता, समुद्रापासून गांभीर्य शिकावे. तेथेही एक सूक्ष्म गोष्ट आहे. अवधूताने पतंगाकडून घेतलेला बोध हा रूपाच्या मोहाने जळू नये हा आहे, आणि कपोताकडून घेतलेला बोध कुटुंबाच्या अतिस्नेहाने जाळ्यात पडू नये हा आहे. सृष्टीतील सर्वच अनुकरणीय नसते, काही सावध करणारेही असते. वारा फुलावरून जातो आणि उकिरड्यावरूनही जातो, पण कोठेच थांबत नाही. हा बोध घेणारा साधक एका सावलीत अडकून कसा पडेल?

भटोबासांचा काळ बाहेरूनही शांत नव्हता. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली. पुढे यादवांचे राज्य ओसरत गेले आणि १३१८ पर्यंत संपुष्टात आले. जी देवळे, जी गावे, जो राजाश्रय अढळ वाटत होता, तो पाहता पाहता हलला. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रतही पुढे खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि स्मरणातूनच ते चरित्र पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. कागद गेला, पण ज्यांनी विजनात बसून लीळा हृदयात साठविल्या होत्या त्यांच्या स्मरणामुळे ग्रंथ उरला. भटोबासांच्या आग्रहाचे याहून मोठे प्रमाण कोणते असणार?

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी श्रीनागदेवाचार्यांनी देह ठेवला. त्यांच्यानंतर बाइदेवबास आणि नंतर कवीश्वरबास यांनी आचार्यपद सांभाळले. भटोबासांच्या आचार्यकाळातील आठवणींचा संग्रह स्मृतिस्थळ या नावाने प्रसिद्ध आहे. शंकर गोपाळ तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस या अभ्यासकांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९९२ साली प्रसिद्ध केला आणि त्यास देवाच्या अनुपस्थितीत या अर्थाचे शीर्षक दिले. परदेशी वाचकालाही त्या ग्रंथाचे मर्म तेच जाणवले. परमेश्वर दृष्टीपुढे नसताना परमेश्वराचे होऊन राहणे, ही भटोबासांची साधना. स्वामींनी ज्यांना वानर म्हटले, त्यांच्या मनाने अखेर अशी फांदी धरली की जी कोणत्याही वादळात मोडत नाही.

आता कर्वेनगरच्या त्या वृद्ध वासनिकांकडे परत येऊ. त्यांना मी हेच चरित्र थोडक्यात सांगितले आणि मग त्यांच्या शंकेकडे वळलो. करंजाखाली बसून केलेले स्मरण व्यर्थ गेले, असे मानण्याचे कारण नाही. त्या झाडाने सावली दिली, एकांत दिला, आणि तेथे घेतलेले नाम परमेश्वरापर्यंत पोहोचले. परंतु स्मरणाबरोबर सावलीची गोडीही मनात थोडी थोडी साचत गेली. जोवर झाड उभे होते तोवर या दोहोंचा भेद कळण्यास मार्ग नव्हता. झाड पडले आणि भेद कळला. ज्यास ते हानी समजत होते ती साधनेची परीक्षा होती, आणि मन ठरत नाही हे प्रामाणिकपणे ओळखणे हे त्या परीक्षेतील पहिले पाऊल होते. भटोबासांस प्रत्यक्ष अवताराचा वियोग दोनदा सोसावा लागला, तेथे आपणास एका करंजाचा वियोग आला. मापात अंतर अपार आहे, पण शिकवण एकच आहे.

मग काय करावे? भिक्षुकांस देशाचे टोक आहे, अटन आहे. गृहस्थाश्रमी वासनिकांस ते शक्य नाही. पण विजनाचा अंश त्यांनाही घेता येतो. पहाटेची घटका घराबाहेर काढावी. नदीकाठ असेल तर नदीकाठ, टेकडी असेल तर टेकडी, तेही नसेल तर गच्चीचा एक कोपरा पुरे. मात्र अधूनमधून जागा बदलावी. एकाच दगडावर, एकाच सावलीत बसण्याची सवय जडू देऊ नये. तेथे गेल्यावर प्रथम नाम घ्यावे, मग स्वामींची एखादी लीळा आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने मनात आणावी. गोदावरीचा काठ, वेरूळचा डोंगर, रिद्धपूरची वाट ही त्या लीळेतील भूमी डोळ्यांपुढे उभी करावी. समोर मुठा वाहत असो की रस्ता, मन डोमेग्रामी पोहोचले की विजन साधले. वर्षातून एकदा तरी स्थानवंदनास जावे. पुण्याहून फलटण दूर नाही, तेथे श्रीचक्रपाणी प्रभूंचे जन्मस्थान आहे.

आणि ज्या झाडाने इतकी वर्षे सावली दिली, त्याविषयी कृतघ्न होऊ नये. वासनिकांस झाड लावण्यास आणि त्यास पाणी घालण्यास शास्त्राचा विरोध नाही. ते कर्तव्य म्हणून करावे, साधनेचा आधार म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणी तरी त्याच्या सावलीत बसून नाम घ्यावे, एवढीच त्यामागे भावना असावी. नव्या रोपावरही आपली मालकी सांगू नये.

काही महिन्यांनी त्या वृद्धांचा निरोप आला. नदीकाठी त्यांनी दोन करंजाची रोपे लावली आहेत, आणि स्मरणास मात्र ते आता टेकडीकडे जातात. मन पूर्वीसारखे लगेच ठरत नाही, पण ठरते तेव्हा कशावर ठरले हे कळते, असे त्यांनी कळविले. आद्य आचार्यांच्या चरणी याहून वेगळी प्रार्थना आपण तरी काय करावी? सर्व साधनवंतांस दंडवत प्रणाम.